विहार कोणाचा? – जुन्या चीनमधील विहार आणि समाज
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला सांगितले, की यंदा वर्धापनदिनी तुम्ही बोला. विषय विचारला तर म्हणाले, तुम्ही सारखे वाचत असता, तुम्हाला आवडेल तो घ्या. आता आम्ही काही विद्वान नाही. शाळा सातवीत सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते सूतगिरणीतली पाळी संपल्यावर ग्रंथालयात बसून, शब्दकोश शेजारी ठेवून. इंग्रजी पुस्तकाचे एक पान उलगडायला आम्हाला कधी कधी आठवडा लागतो. तेव्हा काही उणे-अधिक झाले तर पोटात घालावे.

गेली दोन वर्षे आम्ही जुन्या चीनमधल्या बौद्ध विहारांविषयी वाचत आहोत. कोणी म्हणेल, इथे आपल्या वस्तीत नळाला पाणी येत नाही आणि हे चीनच्या गोष्टी सांगतात! पण बंधू-भगिनींनो, आपण विहार बांधला त्याला काही वर्षेच झाली. चीनमध्ये राजेशाही 1912 साली संपली, तोवर तिथे विहार बांधायला लागून अठराशे वर्षे झाली होती. अठराशे वर्षांत जे चुकायचे ते सगळे चुकून झाले आणि जे चांगले करता येते तेही करून झाले. दुसऱ्याच्या अनुभवाने शहाणे होता येते, मग आपण आपल्याच ठेचा कशाला खायच्या?

एकच प्रश्न मनात धरून आम्ही वाचत गेलो. विहार कोणाचा? राजाचा, भिक्खूंचा, दान देणाऱ्याचा, की ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही त्याचा?

आरंभापासून बघू. परंपरा अशी सांगते, की हान घराण्याच्या सम्राट मिंगला स्वप्नात सोन्यासारखा तेजस्वी पुरुष दिसला. त्याने पश्चिमेकडे माणसे पाठवली. ती पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून, सोबत दोन भारतीय भिक्खूंना घेऊन आली. त्यांच्यासाठी लोयांग या राजधानीत इ.स. 68 मध्ये श्वेताश्व विहार, म्हणजे पांढऱ्या घोड्याचा विहार बांधला. स्वप्नाची गोष्ट आपण गोष्ट म्हणूनच घेऊ. पण त्यात एक बारीक मुद्दा आहे. चिनी भाषेत विहाराला जो शब्द आहे, 'स्स', तो आधी सरकारी कचेरीसाठी वापरला जाई. म्हणजे नावातच राजाची सावली पडलेली. पुढे शेकडो वर्षे भिक्खू कोणी व्हायचे, विहार किती असायचे, हे सरकार ठरवू पाहत होते. हुइयुआन नावाच्या थोर भिक्खूने इ.स. 404 मध्ये निबंध लिहून ठणकावले, की भिक्खूने राजापुढे वाकायचे नसते. हे सोपे नव्हते. तिथले पंडित म्हणत, हा भिक्खू आईबापाला सोडतो, वंश बुडवतो, नांगर धरत नाही, कर देत नाही. याचा समाजाला उपयोग काय?

हा प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. आणि त्याचे उत्तर पोथीतून देऊन भागणार नव्हते. ते कामातून द्यायचे होते.

आता ते काम बघा. बौद्ध ग्रंथांत पुण्यक्षेत्राची कल्पना आहे. शेतात बी पेरावे तसे दान पेरायचे. चिनी बौद्धांनी त्यात दोन शेते सांगितली. एक आदराचे, म्हणजे बुद्ध आणि संघ. दुसरे करुणेचे, म्हणजे गरीब, आजारी, निराधार. या करुणेच्या शेताचेच नाव पुढे दवाखान्याला मिळाले. तांग घराण्याच्या काळात राजधानीत आणि प्रांतांत 'करुणाक्षेत्र' नावाची रुग्णालये आणि अनाथालये होती. ती भिक्खू चालवीत. सम्राज्ञी वू हिच्या काळात, आठव्या शतकाच्या आरंभी, त्यांच्या देखरेखीला सरकारने अधिकारी नेमला. इ.स. 734 मध्ये राजधानीतल्या भिकाऱ्यांना याच घरांत आसरा देण्याचा हुकूम झाला.

अशी घरे आपल्याकडेही होती बरं का. फाहियान नावाचा भिक्खू इ.स. 399 मध्ये चीनमधून पायी निघाला. त्याने पाटलीपुत्रातला धर्मार्थ दवाखाना पाहिला आणि लिहून ठेवला. तिथे अनाथ, विधवा, अपंग, कोणीही यावे. वैद्य तपासत, अन्न आणि औषध मिळे, बरा झाला की माणूस आपापल्या घरी जाई. आणि हा दवाखाना कोणी काढला होता? तिथल्या गृहस्थांनी. तुमच्या-आमच्यासारख्या संसारी माणसांनी.

पुढे ह्युएनत्संग आला. इ.स. 629 ते 645 अशी सोळा वर्षे त्याचा प्रवास चालला. तो आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. तेव्हा इथे चालुक्य राजा पुलकेशीचे राज्य होते. शंभराच्या आसपास विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू या प्रदेशात आहेत, असे त्याने लिहिले. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे त्याने जे वर्णन केले, ते अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात. परत गेल्यावर चांगआन शहरातल्या त्सिएन विहारात त्याने सोबत नेलेल्या ग्रंथांचे भाषांतर केले. ते ग्रंथ नीट राहावेत म्हणून इ.स. 652 मध्ये उंच मनोरा उभारला, तो आजही उभा आहे. आपल्याकडचे शंभर विहार कुठे गेले आणि का गेले, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. पण ते लोकांच्या स्मरणातूनसुद्धा गेले, हे आज इथे ध्यानात ठेवा.

पुन्हा चीनकडे जाऊ. विहारात गरिबांची मुले अभ्यासाला राहत. तिथे सरकारी नोकरीसाठी मोठी परीक्षा असे. आज आपली पोरं स्पर्धा परीक्षा देतात तशीच समजा. घरी दिवा नाही, पुस्तक नाही, अशा मुलाला विहारात जागा मिळे. वांग बो नावाच्या एका मुलाची गोष्ट जुन्या चिनी पुस्तकात आहे. हा यांगचौ शहरातल्या एका विहारात राहून शिकत होता. जेवणाची घंटा झाली की भिक्खूंच्या पंगतीला बसायचा. पुढे पुढे भिक्खूंना या फुकट्याचा कंटाळा आला. मग त्यांनी काय करावे? आधी आपण जेवून घेतले आणि नंतर घंटा वाजवली! पोरगा आला तो रिकाम्या पंगतीवर. त्याने भिंतीवर आपल्या मनातले लिहिले आणि तो निघून गेला. पुष्कळ वर्षांनी तोच वांग बो त्या प्रांताचा मोठा अधिकारी होऊन आला. पाहतो तर ज्या भिंतीवर त्याने लिहिले होते, तिथे त्याच्या अक्षरांवर रेशमी जाळीदार कापड लावून ठेवलेले!

हसू येते ना? पण आतून टोचतेही. माणूस तोच, भिंत तीच. तो गरीब होता तेव्हा त्याला ताट नव्हते, आणि तो साहेब झाला तेव्हा त्याच्या अक्षरालाही रेशीम मिळाले.

आता आमच्या महिला मंडळासाठी एक गोष्ट. चीनच्या वायव्येला वाळवंटाच्या कडेला दुनहुआंग नावाचे गाव आहे. तिथल्या लेण्यांत 1900 साली भिंतीआडची बंद खोली सापडली. आत हजारो जुने कागद होते. त्यातच इ.स. 868 मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र होते. तारीख असलेले, पूर्ण स्वरूपातले जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक म्हणून ते ओळखतात. वांग जिए नावाच्या साध्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावे ते फुकट वाटायला छापवले होते. पण आम्हाला त्याहून मोलाचा वाटला तो दुसरा एक कागद. इ.स. 959 मध्ये तिथल्या बायकांनी स्वतःचे मंडळ काढले आणि त्याचे नियम लिहून ठेवले. कोणाच्या घरी मयत झाली की प्रत्येकीने ठरलेले तेल, ठरलेले पीठ आणि ठरलेले धान्य द्यायचे. वर्षारंभीच्या पुण्यकार्याला प्रत्येकीने धान्य आणि दिव्याचे तेल द्यायचे. बैठकीत लहानथोर न बघता आरडाओरडा केला, तर सगळ्या मंडळाला जेवण घालायचे! (आपल्याकडे हा नियम केला तर समितीतल्या पुरुषांना वर्षभर जेवणे घालावी लागतील.) राजा नाही, मोठा दाता नाही, बायकांनी बायकांसाठी केलेली व्यवस्था. अशी पुष्कळ मंडळे तिथे होती. विहाराच्या आधाराने ती जगली, आणि त्यांच्या आधाराने विहार जगला.

ही झाली उजळ बाजू. दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही तुमची फसवणूक केली असे होईल.

उत्तर चीनमध्ये वेई घराण्याचे राज्य होते. तिथे तान्याओ नावाचा भिक्खू संघाचा प्रमुख होता. युंगांगची प्रचंड लेणी इ.स. 460 च्या सुमारास त्याच्याच पुढाकाराने सुरू झाली. त्याने राजाकडून दोन योजना मंजूर करून घेतल्या. पहिली अशी, की काही कुटुंबांनी दरवर्षी 60 हू – हू हे तिथले धान्याचे माप – संघाकडे जमा करायचे, आणि दुष्काळ पडला की ते भुकेल्यांना द्यायचे. दुसरी अशी, की गुन्हेगार आणि सरकारी गुलाम विहारांना द्यायचे, त्यांनी झाडलोट करायची आणि शेती कसायची. पहिली योजना कागदावर किती सुंदर! दुष्काळात गरिबाला धान्य! पण चाळीस वर्षांत काय झाले? इ.स. 511 मध्ये दरबारात तक्रार आली. हे धान्य व्याजाने दिले जात होते. पूर येवो की अवर्षण, वसुली चालूच. व्याज मुदलाच्या वर गेले, करारनामे फिरवले गेले. एका भागातल्या 200 कुटुंबांना तर जुलमाने राबवले. त्यांतल्या पन्नासहून अधिक माणसांनी गळफास घेऊन आणि पाण्यात उडी घेऊन जीव दिला.

पन्नास माणसे, भगिनींनो. बुद्धाच्या नावाने जमवलेल्या धान्यापायी. आम्ही हे वाचले त्या रात्री पुस्तक मिटून ठेवले. आमच्या आज्याने सावकाराकडून दिढीने धान्य आणले होते, म्हणजे एक मण घेतले की सुगीला दीड मण घालायचे. ते फेडता फेडता त्याची हयात गेली. दुनहुआंगच्या विहारांचे हिशेबाचे कागद आहेत, त्यांत वसंतात बियाणे देऊन सुगीला दीडपट घेतल्याच्या नोंदी सापडतात. चीवर घातले म्हणून दिढीची सवाई होत नाही.

आम्ही गिरणीतली माणसे, म्हणून आणखी एका गोष्टीकडे आमचे लक्ष लगेच गेले. विहारांच्या मालकीच्या गिरण्या होत्या. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या, पीठ दळायच्या. तेलाचे घाणेही होते. उत्पन्न भरपूर. पण कालव्याचे पाणी गिरणीकडे वळले की खालच्या शेतकऱ्याचे भात वाळायचे. इ.स. 764 मध्ये चांगआनच्या उत्तरेला एका कालव्यावरच्या सत्तरहून अधिक गिरण्या सरकारला पाडायला लावाव्या लागल्या. मालक कोण? सरदार लोक, बौद्ध विहार आणि ताओ पंथाची मंदिरे. सरदार आणि विहार एकाच यादीत! ज्या दिवशी विहाराचे नाव जमीनदाराच्या यादीत लागले, त्या दिवशी तो शेतकऱ्याचा राहिला नाही.

आणि हिशेबाचे म्हणाल तर चांगआनमधल्या हुआदू विहाराची कथा ऐका. शिनशिंग नावाच्या भिक्खूचा पंथ होता. तो इ.स. 594 मध्ये वारला. त्याचे अनुयायी करुणेच्या शेताला सर्वांत वरचे स्थान देत. त्यांनी हुआदू विहारात 'अक्षय कोष' काढला. लोकांची इतकी श्रद्धा, की गाड्या भरभरून पैसे आणि रेशीम आणून टाकीत आणि नावसुद्धा न सांगता निघून जात. गरजूंना त्यातून कर्ज मिळे. कागद नाही, अंगठा नाही. मुदतीला माणूस आपण होऊन परत आणून देई. वाचून आमचा ऊर भरून आला! पण पुढे काय झाले बघा. तिथे एक माणूस दहा-बारा वर्षे झाडलोट करीत होता. शीलवान, कष्टाळू, बोट दाखवायला जागा नाही. म्हणून त्याला कोषाचा राखणदार नेमले. त्याने हळूहळू सोने लांबवले. किती? ते कोणालाच कळले नाही. तो निघून जाईपर्यंत विहारातल्या कोणाला पत्ताही लागला नाही. माणूस चांगला म्हणून त्याच्यावर हिशेबाची नजर ठेवली नाही, ही चूक त्याची जितकी तितकीच बाकीच्यांची. पुढे इ.स. 713 मध्ये सम्राटाच्या हुकमाने तो कोषच बंद झाला.

मग आला इ.स. 845 चा घाला. सम्राट वूझोंग ताओ पंथाच्या नादी लागलेला, खजिना लढायांनी रिता झालेला. त्याने फर्मान काढले. त्याच फर्मानातले आकडे सांगतो. 4,600 मोठे विहार पाडले. 40,000 हून अधिक लहान विहार आणि देवळ्या पाडल्या. 2,60,500 भिक्खू-भिक्खुणींची चीवरे उतरवली. तांब्या-पितळेच्या मूर्ती आणि घंटा वितळवून नाणी पाडली, लोखंडी मूर्तींची शेतीची अवजारे केली. एन्निन नावाचा जपानी भिक्खू तेव्हा तिथेच होता. त्याचेही चीवर उतरवून त्याला देश सोडायला लावले. त्याने रोजनिशीत सगळे लिहून ठेवले आहे.

हा धर्मद्वेष होता, यात शंका नाही. पण त्या फर्मानात आणखी एक आकडा आहे. विहारांकडचे 1,50,000 गुलाम मोकळे करून त्यांची नावे कर भरणाऱ्या रयतेत घातली. दीड लाख! ज्या बुद्धाने सुनीत भंग्याला आणि उपाली न्हाव्याला संघात मानाने घेतले, त्याच्या विहारांत दीड लाख माणसे बांधलेली होती. शत्रूच्या हातात एवढा आयता पुरावा आपणच देऊन ठेवायचा, आणि मग शत्रूला दोष द्यायचा? काही ठिकाणी लोकांनी, अधिकाऱ्यांनीसुद्धा भिक्खूंना चोरून मदत केली. उत्तरेच्या काही सुभ्यांनी फर्मान मानलेच नाही. म्हणजे जिव्हाळा मेला नव्हता. पण त्या दीड लाखांनी विहार पडताना रडावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता सर्वांत महत्त्वाचे. विहार बंद झाले, भिक्खू घरी गेले, तेव्हा सरकारपुढे एक अडचण उभी राहिली. करुणाक्षेत्रातल्या रोग्यांचे काय करायचे? त्यांना बघणारेच उरले नव्हते. शेवटी त्याच सरकारला हुकूम काढावा लागला, की गावोगावचे भले ज्येष्ठ लोक निवडून ही घरे त्यांच्याकडे द्यावीत आणि विहारांच्या जमिनीतली काही जमीन त्यांच्या खर्चाला राखून ठेवावी. म्हणजे बघा, मूर्ती वितळवता आली, घंटा वितळवता आली. दवाखाना मात्र बंद करता आला नाही. विहाराची जी गोष्ट समाजाची झाली होती, तेवढीच राजाच्या हाताला लागली नाही.

पुढच्याच वर्षी, 846 मध्ये, सम्राट मेला आणि नव्या सम्राटाने बंदी उठवायला सुरुवात केली. सगळे काही पूर्वीसारखे झाले नाही. ध्यान संप्रदायाचे डोंगरातले विहार मात्र तगले. अभ्यासक त्याची अनेक कारणे देतात. त्यातले एक असे, की तिथले भिक्खू स्वतः शेतात राबत. बाइझांग नावाचे आचार्य इ.स. 814 मध्ये वारले. त्यांची गोष्ट सांगतात, की म्हातारपणी शिष्यांना त्यांची दया आली म्हणून त्यांनी गुरूंची अवजारे लपवून ठेवली. तर त्या दिवशी आचार्य जेवलेच नाहीत. काम नाही तर जेवण नाही. आम्हा कामगारांना हा आचार्य आपला वाटतो.

नंतरच्या सुंग काळातही कामे झाली. सू शी नावाचा प्रसिद्ध कवी हांगचौचा अधिकारी असताना 1089 च्या सुमारास साथ आली. त्याने सरकारी पैशात आपल्या पदरचे 50 लियांग सोने घालून दवाखाना काढला आणि चालवायला भिक्खूंच्या हाती दिला. तीन वर्षांत हजार रोगी बरे करील त्या भिक्खूला जांभळ्या चीवराचा मान. मान कशाने मिळवायचा? रोगी बरे करून!

आणि शेवटी 1898 साल. चांग चिहतुंग नावाच्या मोठ्या अधिकाऱ्याने पुस्तक लिहून सुचवले, की देशात शाळांना इमारती नाहीत. तेव्हा दहातली सात देवळे आणि विहार घेऊन त्यांच्या शाळा करा, तीन भिक्खूंना ठेवा. पुढच्या काळात खरोखरच पुष्कळ विहारांच्या शाळा झाल्या. भिक्खूंना वाईट वाटले. आम्हाला वाचताना वाटले, की ज्या विहारात वांग बोला शेवटपर्यंत ताट मिळत राहिले असते, त्या विहाराची शाळा करायला बाहेरून अधिकारी यावा लागला नसता. ती आधीच शाळा असती.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत भिक्खूविषयी प्रश्न टाकला आहे. भिक्खू हा फक्त स्वतःपुरता पूर्ण पुरुष व्हायचा, की समाजाचा सेवक? आणि सेवक नसेल तर धम्माला त्याचा उपयोग नाही, असा त्यांचा रोख आहे. आम्हाला वाटते, चीनची अठराशे वर्षे म्हणजे या एका प्रश्नाची लांबलचक उत्तरपत्रिका आहे.

आता घरचे बोलतो. हे स्मरणिकेत छापले जाईल हे आम्हाला माहीत आहे. छापावे.

काही वर्षांमागे आम्ही याच विहाराचे खजिनदार होतो. घुमटासाठी दान जमा होत होते, रक्कम बँकेत होती. पावसाळ्यातली रात्र, दहा वाजून गेलेले. आपल्याच गल्लीतल्या एक ताई आमच्या दारात आल्या. त्यांचे मालक दवाखान्यात वारले होते आणि बिल भरल्याशिवाय प्रेत मिळत नव्हते. त्यांनी विहाराच्या पैशातून उसने मागितले. आम्ही म्हणालो, "ताई, समितीच्या ठरावाशिवाय आम्हाला पैसा काढता येत नाही. रविवारी बैठक आहे." नियम बरोबर होता. हिशेब चोख होता. आमच्या खिशातले होते नव्हते ते दिले, पण ते कितीसे? ताई काही न बोलता गेल्या. सकाळी कळले, की गल्लीतल्या बायकांनी रात्रीतून भिशीचे पैसे, कोणी डब्यातले, कोणी मंगळसूत्राच्या वाटीवरचे उचलून बिल भरले. ताई अजून दर पौर्णिमेला वंदनेला येतात. आजही इथे बसल्या आहेत. आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुनहुआंगच्या बायकांचा तो कागद वाचला तेव्हा आम्हाला चीन दिसला नाही, आपली गल्ली दिसली. आणि त्या गोष्टीत आम्ही कुठे होतो? जेवण झाल्यावर घंटा वाजवणाऱ्यांत.

ताई, एवढ्या लोकांसमोर आम्ही तुमची क्षमा मागतो.

यंदा समितीपुढे प्रश्न आहे, की जमलेल्या दानातून घुमटाला संगमरवर लावायचा की मागची खोली बांधून घ्यायची. संगमरवर हवा म्हणणाऱ्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. ज्यांना पिढ्यान्पिढ्या देवळाच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांना आपला विहार चारचौघांत देखणा दिसावा असे वाटणारच. आम्हालाही वाटते. पण आधी काय, एवढाच प्रश्न आहे. आमच्या चार सूचना आहेत, सभेने विचार करावा.

एक, दर पौर्णिमेला वंदनेनंतर जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा आणि फळ्यावर लिहावा. खजिनदार कितीही भला असो. आमच्यासारखा असला तरी. दोन, दानातला ठरावीक भाग अडीअडचणीच्या पेटीत वेगळा ठेवावा, आणि समितीतला एक व महिला मंडळातली एक अशा दोघांनी मिळून रात्री-अपरात्री ठराविक रकमेपर्यंत तो देता यावा. ठराव रविवारी होऊ दे. तीन, त्या पैशावर कधीही, कोणत्याही नावाने व्याज घेऊ नये. चार, मागची खोली अभ्यासिका म्हणून आधी बांधावी. दिवा रात्री बारापर्यंत चालू असावा, आणि आत बसलेला मुलगा कोणाचा, त्याच्या घरून दान किती आले, हे कोणी विचारू नये.

घुमट त्यानंतर बांधू. त्या खोलीत शिकलेली पोरं आनंदाने बांधतील, आपल्याला मागावेही लागणार नाही.

विहार कोणाचा, असे आम्ही सुरुवातीला विचारले होते. चीनमधल्या राजांनी म्हटले, आमचा. त्यांनी तो पाडला. काही भिक्खूंनी म्हटले, आमचा. त्यांच्या हातून तो जमीनदाराचा वाडा झाला. रात्री दहा वाजता ज्याला गरज पडते आणि ज्याला ते दार उघडे सापडते, विहार त्याचा. तसे झाले तर तो सांभाळायला राजा लागत नाही.